गाड्यांच्या वाटेबाहेर: खुलताबाद, म्हैसमाळ आणि गौताळ्याच्या रानात सायकलने कसं फिरावं

‘सायकल मार्ग’ असा फलक पाहावा आणि पुढचे पन्नास किलोमीटर निर्धास्त जावं, अशी वाट मराठवाड्यात शोधून सापडायची नाही. इथे शांत रस्ता आखून मिळत नाही, तो जुळवावा लागतो. रस्ता कोणत्या दर्जाचा, वार कोणता, तास कोणता आणि महिना कोणता, हे चारही जुळले की डोंगरातला रस्ता तीन-तीन तास तुमच्या एकट्याचा असतो. एक चुकलं की त्याच रस्त्यावर मोटारींची रांग लागते. म्हैसमाळचा रस्ता डिसेंबरातल्या मंगळवारी सकाळी सातला पाहा आणि ऑगस्टातल्या रविवारी अकराला पाहा. तो एकच रस्ता आहे यावर विश्वास बसणार नाही.

म्हणून या लेखात आधी रस्ता ओळखायचा कसा ते आहे, मग प्रत्यक्ष वाटा, आणि मग काटा, काळी माती, घाट असं जे इथे हमखास आडवं येतं ते.

आधी दगड वाचा

रस्त्याकडेच्या किलोमीटर दगडाचा माथा कोणत्या रंगाचा आहे, हे पाहायची सवय लावा. पिवळा म्हणजे राष्ट्रीय महामार्ग, हिरवा म्हणजे राज्य महामार्ग, काळा किंवा निळा म्हणजे जिल्ह्यातला रस्ता आणि नारिंगी म्हणजे प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेतला. सायकलवाल्याला हवा नारिंगी. ही योजना २००० साली सुरू झाली आणि तिच्यातल्या बहुतेक रस्त्यांचा डांबरी पट्टा ३.७५ मीटर रुंद असतो. एवढ्या पट्ट्यावर ट्रक उगाच येत नाही, आणि आलाच तर वेगात येत नाही.

मात्र या अरुंद पट्ट्याची एक खोड आहे. साइडपट्टीचा मुरूम पावसाने वाहून जातो आणि डांबराची कड वीतभर उंच राहते. समोरून जीप आली म्हणून चालत्या सायकलवरून तिरपं खाली उतरायला गेलात, तर पुढचं चाक कडेला घासून अडकतं आणि माणूस आडवा होतो. थांबायचं, पाय टेकायचा, सायकल उचलून खाली घ्यायची, गाडी गेली की परत वर. दहा सेकंदांचं काम आहे.

नकाशावर रस्ता निवडताना तो कुठून कुठे जातो यापेक्षा तो कुणाच्या उपयोगाचा आहे ते पाहा. दोन तालुक्यांच्या गावांमधलं अंतर पाच किलोमीटरने वाचवणारा रस्ता कितीही बारीक दिसला तरी त्यावर वर्दळ असणार. एखाद्या वाडीला जाऊन तिथेच संपणारा रस्ता हमखास मोकळा. आणि गावातल्या माणसाला ‘रस्ता चांगला आहे का’ असं विचारू नका, कारण उत्तर नेहमी ‘एक नंबर आहे’ असंच येतं. विचारायचं असं: ‘इकडं एसटी येती का? दिवसातून कितीदा?’ एकच मुक्कामी गाडी असेल, म्हणजे संध्याकाळी येऊन सकाळी परत जाणारी, तर दिवसभर तो रस्ता तुमचा.

डांबराच्या खालच्या पायरीवर येतात पाणंद, गाडीवाट आणि शिवरस्ता. इथे गाड्या नसतातच. पण उपग्रहाच्या चित्रात ठळक दिसणारी पाणंद शेजारच्याने नांगरून घेतलेली असू शकते. वाटेवर ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या ताज्या असतील तरच आत शिरा. चाकोरीत गवत गुडघाभर वाढलेलं असेल तर पुढे वाट बंद आहे असं समजून वळा.

वार, तास आणि हंगाम

सकाळी सहा ते साडेसात या वेळात दुधाचे टेम्पो फिरतात. ते भरधाव असतात, पण मोजके. दहाच्या सुमाराला शाळा, तहसील आणि बाजाराची वर्दळ सुरू होते. म्हणून उजाडताना निघून साडेनऊच्या आत डांबरी रस्त्याचा मोठा टप्पा संपवायचा आणि गर्दीच्या वेळी रानातल्या नाहीतर पाणंदीच्या भागात असायचं, हा साधा हिशेब. दुपारी चारनंतर परतीचा टप्पा घ्यावा. वाटेतल्या गावाचा आठवडी बाजार कोणत्या वारी भरतो ते आदल्या दिवशी विचारून ठेवा. त्या दिवशी काळीपिवळी जीप, ॲपे रिक्षा आणि शेळ्या भरलेले टेम्पो सकाळपासून त्याच रस्त्याला लागतात.

वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात. वेरूळ-खुलताबाद पट्ट्यात जायचं असेल तर सुट्टी टाकून मंगळवार साधा, पर्यटकांच्या गाड्या निम्म्याहून कमी दिसतील. श्रावणात मात्र हा पट्टा सोडूनच द्या. सोमवारी घृष्णेश्वराची गर्दी, शनिवारी भद्रा मारुतीची, आणि शुक्रवारी रात्रीपासून छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचं औरंगाबाद) शहरातून खुलताबादकडे पायी निघालेल्या भाविकांनी रस्ता भरलेला असतो. हनुमान जयंतीलाही तेच.

उसाच्या पट्ट्यात गळीत हंगाम सुरू झाला की, म्हणजे साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबर ते मार्च, दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर नारिंगी दगडाच्या रस्त्यांवरही उतरतात. मागची ट्रॉली वळणावर आत कापते, आणि तिला बऱ्याचदा मागचा दिवा नसतो. ट्रॅक्टरला ओलांडायला जाऊ नका आणि त्याच्या बरोबरीनेही चालू नका. कन्नड-खुलताबादच्या डोंगरपट्ट्यापेक्षा गोदाकाठी, पैठणपासून खाली, हा त्रास जास्त.

आता महिना. ऑक्टोबरचा मध्य ते फेब्रुवारीचा मध्य सर्वांत बरा. गौताळ्याचं रान पानझडीचं आहे. साग, धावडा, सालई, पळस यांची पानं उन्हाळा लागायच्या आधीच गळतात. हिरवागार फोटो पाहून ‘जंगलातून जायचंय, सावली मिळेल’ असा अंदाज करून मार्चमध्ये जाणारे फसतात. तेव्हा तिथे खोडं असतात, पानं नसतात, आणि खालचा काळा पाषाण तापून उष्णता वर फेकतो.

पावसाळ्यात वारा नैर्ऋत्य-पश्चिमेकडून असतो आणि पठारावर तो चांगलाच झोंबतो. जून ते ऑगस्टमध्ये जाताना पश्चिमेकडे आणि येताना पूर्वेकडे अशी आखणी करा. दमलेल्या पायांना वारा मागून हवा.

पहिली वाट: खुलताबाद, सुलिभंजन, म्हैसमाळ

सुरुवात खुलताबादवरून करा. शहरातून सायकलवरच यायचं असेल तर दौलताबादमार्गे साधारण पंचवीस किलोमीटर पडतात. दौलताबादला रस्ता जुन्या दिल्ली दरवाजाच्या कमानीतून जातो. तिथे एका वेळी एकच मोठं वाहन मावतं आणि दोन्ही बाजूंना गाड्या तुंबतात. कमानीत सायकल मधोमध ठेवा, भिंतीकडे सरकू नका. भिंतीकडे सरकलं की मागचा गाडीवाला, जागा आहे असं समजून, शेजारी घुसतो. पुढचा घाट चढून कागदीपुऱ्यावरून खुलताबाद. हा सगळा टप्पा साडेसातच्या आत झाला पाहिजे. ते जमणार नसेल तर सायकल गाडीत टाकून खुलताबादपर्यंत आणा, त्यात कमीपणा काही नाही.

खुलताबादहून आधी सुलिभंजन करा. अंतर थोडं आहे, चढ आहे, आणि वर दत्ताचं देवस्थान आहे. संत एकनाथांनी तप केलं ती ही जागा. जवळच परियों का तालाब. पायांना ऊब यायला हा तुकडा पुरतो. परत खाली येऊन म्हैसमाळचा रस्ता धरा. खुलताबादपासून साधारण १२ किलोमीटर. सुरुवातीचा भाग पठारावरचा, खालीवर होणारा, आणि शेवटी घाट. दूरदर्शनचा मनोरा बराच आधी दिसू लागतो आणि मग वळणावळणाला बाजू बदलतो. त्याच्याकडे पाहून अंतराचा अंदाज करू नका, पाय खचतात.

वर पोचल्यावर गिरिजामातेच्या आणि बालाजीच्या मंदिरांच्या बाजूला जी थोडीफार गर्दी असते ती सोडून पठाराच्या कडेने जाणाऱ्या आतल्या रस्त्यांवर फिरा. म्हैसमाळ सुमारे ९०० मीटर उंचीवर आहे, शहरापेक्षा तीनशेहून जास्त मीटर वर. हिवाळ्यात सकाळी उतरताना बोटं बधिर होऊन ब्रेक नीट दाबला जात नाही. साधे लोकरी हातमोजे बरोबर असू द्या. जाऊन-येऊन, सुलिभंजन धरून, तीन ते साडेतीन तास.

चैत्र पौर्णिमेला गिरिजादेवीची यात्रा भरते. ते दिवस टाळा.

दुसरी वाट: कन्नडहून गौताळा

गौताळा औट्रमघाट अभयारण्य १९८६ साली जाहीर झालं. क्षेत्र सुमारे २६० चौरस किलोमीटर, सातमाळा आणि अजिंठ्याच्या डोंगररांगांत, मोठा भाग छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात आणि उरलेला जळगाव जिल्ह्यात. मराठवाड्याच्या या टोकाला दाट म्हणावं असं रान हेच.

शहरापासून कन्नड साधारण ६० किलोमीटर. हा टप्पा महामार्गाचा आहे, सायकलवर करू नका. त्यात मिळवण्यासारखं काही नाही आणि दुसऱ्या दिवसाचे पाय मात्र जातात. सायकल गाडीत टाकून आदल्या संध्याकाळी कन्नडला मुक्काम करा. उत्तरेकडून येणाऱ्यांना रेल्वेने चाळीसगाव गाठून पाटणादेवीच्या बाजूने अभयारण्याच्या पायथ्याशी येता येतं. रेल्वेत सायकल न्यायची तर दोन्ही चाकं काढून पिशवीत बांधा किंवा पार्सल कचेरीत नोंदवून ब्रेकव्हॅनमध्ये टाका. नोंदवताना टायरमधली हवा निम्मी सोडा आणि डिरेलरभोवती, म्हणजे साखळी एका गियरवरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या भागाभोवती, गोणपाट गुंडाळा. पार्सलवाले सायकल डिरेलरच्याच बाजूवर झोपवतात, ही जणू रीत आहे.

कन्नडहून हिवरखेड्यामार्गे अभयारण्यात शिरणारा रस्ता पुढे गौताळा तलावाजवळून नागदच्या दिशेने डोंगर उतरतो. तलावापर्यंत जाऊन परत फिरणं, एवढं अर्ध्या दिवसाला पुरेसं आहे. पुढे नागदकडे उतरायचा मोह होतो, कारण उतार सुंदर आहे. पण तो उतार परतीला चढ होणार, आणि तोही उन्हात. खाली गाडी बोलावलेली असेल तरच उतरा.

इथे नियम नीट समजून घ्या. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या कलम २७ प्रमाणे अभयारण्यात शिरायला परवाना लागतो. सार्वजनिक रस्त्याने नुसतं ओलांडून जाणाऱ्याला त्यातून सूट आहे. याचा सायकलवाल्यासाठी अर्थ असा: डांबरी रस्ता सोडून धबधब्याकडे, जाळरेषेवर किंवा पायवाटेवर चाक वळवायचं असेल तर वन विभागाच्या नाक्यावर आधी नोंद करून परवानगी घ्या आणि शुल्काची पावती जवळ ठेवा. पावती मागितली जाते. जाळरेषा म्हणजे वणवा अडवायला साफ केलेला पट्टा. तो सायकलसाठीच केल्यासारखा दिसतो आणि म्हणून लोक त्यावर घुसतात. घुसू नका.

सूर्य उगवायच्या आधी आणि मावळल्यानंतर आत राहू नका. बिबट्या इथे आहे, पण सायकलवाल्याच्या दृष्टीने अस्वल जास्त काळजीचं. सायकल आवाज न करता येते आणि वळणावर अस्वलाला अचानक जवळ आलेलं माणूस दिसलं की ते पळण्याऐवजी अंगावर येतं. मोहाची फुलं गळतात तेव्हा, मार्च-एप्रिलमध्ये, ते पहाटे रस्त्याकडेलाच असतं. प्रत्येक आंधळ्या वळणाआधी घंटी वाजवा, बोलत चाला. २०२१ मध्ये विदर्भातल्या टिपेश्वरहून शेकडो किलोमीटर चालत आलेला वाघ याच रानात कॅमेऱ्यात टिपला गेला होता, तेव्हा ‘इथं काही नाही’ असं सांगणाऱ्यांचं फार मनावर घेऊ नका. कड्यांना आग्या मोहोळ लटकलेली असतात. अत्तर, उग्र वासाचं तेल आणि धूर, तिन्ही टाळा. वानरांना खायला दिलं तर पुढचा सायकलवाला ते फेडतो, कारण ती हँडलवरच्या पिशवीवर झेप घ्यायला शिकतात.

जवळच पितळखोऱ्याची लेणी आहेत, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात सुरुवात झालेली, देशातल्या फार जुन्या लेण्यांपैकी. लेणी दरीत आहेत आणि खाली जायला पायऱ्या. सायकल वर कुलूप लावून ठेवावी लागते, म्हणून सामान लादलेली सायकल घेऊन एकट्याने जाऊ नका. एक जण वर थांबला पाहिजे.

औट्रम घाटाबद्दल. कन्नड-चाळीसगाव महामार्गावरच्या या घाटात ३१ ऑगस्ट २०२१ रोजी मोठी दरड कोसळली होती, आणि २०२३ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाच्या आदेशाने जड वाहनांना इथे बंदी झाली. ट्रक नाहीत म्हणून हा घाट सायकलला मोकळा झाला, असा निष्कर्ष काढू नका. मोटारी आता जास्त वेगात जातात. शिवाय घाटात कोंडी झाली की लहान गाड्या गौताळ्याच्या रस्त्याला वळतात. कन्नडला सकाळी चहाच्या टपरीवर ‘घाट चालू आहे का?’ एवढं विचारून मगच निघा. घाट अडकलेला असेल तर त्या दिवशी गौताळ्याचा रस्ता शांत नसणार.

तिसरी वाट: सपाटीवरची, पाटाच्या कडेने

ज्यांना चढ नको किंवा लहान मुलं बरोबर आहेत त्यांनी पैठण गाठावं. जायकवाडीचा डावा कालवा २०८ किलोमीटर आणि उजवा १३२ किलोमीटर लांब आहे. कालव्याच्या काठाने सेवा रस्ता असतो. शेतकरी त्याला पाटाचा रस्ता म्हणतात. चढउतार नाही, दुचाकी आणि बैलगाडी सोडली तर वाहन नाही, कडेला झाडी. धरणाजवळच्या संत ज्ञानेश्वर उद्यानाच्या परिसरातून सुरुवात करून दहा-बारा किलोमीटर जाऊन परतणं हा मुलांसाठी बेताचा बेत.

धोका एकच, पण मोठा. पाण्याचं आवर्तन, म्हणजे शेतीसाठी पाणी सोडायची पाळी, सुरू असताना कालवा काठोकाठ वाहतो. आतली बाजू सिमेंटच्या अस्तराची, तिरपी आणि शेवाळलेली. पडलेल्या माणसाला पोहता येत असलं तरी हात धरायला काही मिळत नाही. मुलांना पाण्याच्या विरुद्ध बाजूने चालवा आणि मोठ्याने स्वतः पाण्याच्या बाजूला राहावं. आवर्तन कधी आहे हे कालव्यावरच्या चौकीत किंवा शेजारच्या शेतात कळतं. पूल आणि गेटांजवळ रस्ता अडवलेला असू शकतो, तेव्हा सायकल उचलून न्यायची तयारी हवी. आणि कालव्याकाठी वेडी बाभूळ माजलेली असते, म्हणजे पुढचा भाग तुमच्यासाठीच आहे.

काटा

इथे बहुतेक पंक्चर काट्यानेच होतात. बाभळीचा काटा बोटभर लांब, वेड्या बाभळीचा त्याहून आखूड पण चिवट, आणि जमिनीलगत सराटे. शेताला काटेरी फांद्यांचं कुंपण घालायचे दिवस असले, किंवा शेळ्यांसाठी कुणी फांद्या छाटल्या असल्या, की रस्त्यावर काट्यांचा सडा पडतो. रस्त्यात ताजा पाला दिसला की उतरून सायकल हाताने पुढे न्या. पन्नास पावलं चालणं अर्ध्या तासाच्या कामापेक्षा स्वस्त पडतं.

टायर ३५ ते ४२ मिलिमीटर रुंदीचा, आत काटारोधक पट्टी असलेला घ्या. माणूस ७० किलोचा आणि सामान दहाएक किलो असेल तर ४० मिलिमीटरच्या टायरात मागे ५० आणि पुढे ४५ पीएसआय. मुरमाच्या वाटेवर दोन्हीकडे दहाने कमी. ट्यूबलेस असेल तर चाकामागे ६० ते ९० मिलिलिटर सीलंट, म्हणजे भोक आतून बुजवणारं द्रव, पण आपल्याकडच्या उन्हात ते दोन-तीन महिन्यांत वाळतं. चाक हलवून पाहा, आत डचमळल्याचा आवाज आला नाही तर ते संपलं आहे. एक गोष्ट विसरू नका: खेड्यातल्या पंक्चरवाल्याकडे मोटारसायकलच्या जाड वॉल्व्हचा नोझल असतो. तुमचा वॉल्व्ह बारीक असेल तर चाळीस-पन्नास रुपयांचं पितळी अडॅप्टर ट्यूबच्याच वॉल्व्हवर फिरवून ठेवा. ते नसेल तर मोठा काँप्रेसर समोर असूनही हवा भरता येत नाही.

पंक्चर काढताना क्रम असा. चाक काढायच्या आधी ते सावकाश फिरवा आणि काटा दिसतो का पाहा. दिसला तर लगेच उपटू नका, त्या जागी टायरवर खडूने किंवा विटेच्या तुकड्याने खूण करा. टायरची एकच बाजू रिमबाहेर काढा. ट्यूब बाहेर काढताना वॉल्व्ह टायरवरच्या कोणत्या अक्षरासमोर होता ते लक्षात ठेवा, म्हणजे भोक सापडलं की टायरवरची जागाही सापडते. ट्यूबमध्ये भरपूर हवा भरून ती गालाजवळून फिरवा, बारीक झुळूक गालाला लगेच कळते. पाणी वाया घालवायची गरज नाही. एक भोक सापडलं की थांबू नका. बाभळीचा काटा लांब असतो, हवा गेल्यावर थोडं जरी चालवलं असेल तर तो ट्यूबच्या दुसऱ्या भिंतीतून रिमच्या बाजूलाही बाहेर पडलेला असतो. निम्मी ‘पंक्चर काढलं तरी हवा जाते’ ही तक्रार इथून येते.

उरलेली निम्मी टायरात राहिलेल्या टोकाची. काटा उपटला की त्याचं टोक मोडून रबरातच राहतं, वरून काहीच दिसत नाही, आणि चाकावर वजन आलं की ते आत डोकावतं. टायरच्या आतून बोट फिरवू नका, कापसाचा बोळा किंवा जुन्या बनियनची चिंधी फिरवा. जिथे धागा अडकेल तिथे टोक आहे. ते आतून बाहेर ढकलायला जाड सुई आणि चिमटीत धरायला साधं नेलकटर, याहून चांगलं हत्यार नाही.

मग पॉलिश पेपरने पॅचपेक्षा थोडी मोठी जागा खरबरीत करा, सोल्युशनचा पातळ थर लावा आणि चमक जाईपर्यंत, साधारण पाच मिनिटं, थांबा. ओल्या सोल्युशनवर पॅच ठेवला तर उन्हात तो सरकतो. पॅच मधून कडेकडे दाबा आणि कडेला राहिलेल्या सोल्युशनवर चिमूटभर कोरडी माती चोळा, नाहीतर ट्यूब टायरला चिकटते. एकदा फोडलेली सोल्युशनची नळी महिन्याभरात आत सुकते, निघताना दाबून पाहा. माणशी दोन ट्यूब, दहा-बारा पॅच, आणि टायर चिरला तर आतून लावायला जुन्या टायरचा चार बोटांचा तुकडा, एवढं बरोबर हवंच.

काळी माती आणि मुरूम

पाऊस पडून गेल्यावर कुठे जायचं हे मातीवर ठरतं. डोंगराच्या माथ्यावर मुरूम, तो तासा-दोन तासांत निथळतो. खाली खोऱ्यात काळी, ती तीन-चार दिवस सोडत नाही. शेतकरी वाफसा आल्याशिवाय, म्हणजे मातीतली ओल बेताची झाल्याशिवाय, रानात औत घालत नाही, सायकलवाल्यानेही तोवर पाणंदीत चाक घालू नये. मूठभर माती दाबून पाहा. लाडू वळला आणि हाताला चिकटला तर परत फिरा. लाडू बोटाने दाबताच भुगा झाला तर चला.

अडकलातच तर जोर करू नका. वीस-पंचवीस मीटरमध्ये चिखल टायर आणि मडगार्डच्या मध्ये असा बसतो की चाक फिरेनासं होतं. तशात पेडल दाबलं तर साखळी मातीसकट मागे ओढली जाते आणि डिरेलर ज्यावर टांगलेला असतो तो हँगर वाकतो, आणि तो सुटा भाग कन्नडला काय, शहरातही लगेच मिळेल असं नाही. उतरा, सायकल खांद्यावर घ्या, गवताच्या बांधावरून चाला. माती थोडी सुकली की तुरीच्या धसकटाने खरवडून काढा. ओली असताना बोटाने काढायला गेलात तर ती फक्त जागा बदलते. पावसाळी फेरीला मडगार्ड काढूनच निघा, पाठ भिजली तर भिजू द्या.

घरी आल्यावर पाण्याचा जोरदार फवारा मारू नका, तो मातीचे कण हबच्या बेअरिंगमध्ये घालतो. पूर्ण वाळू द्या, ब्रशने झाडा, मग साखळीला तेल. रिम ब्रेक असतील तर पॅडमध्ये रुतलेले खडे सुईने काढा, नाहीतर ते पुढच्या घाटात रिम खरवडतात.

चढ, उतार आणि पाणी

सामानासह घाट चढायला पुढे २८ आणि मागे ३४ दात्यांचा गियर हवा. पुढे ३४ आणि मागे २८ एवढ्यावर तरुण गुडघे चढतील, पण दुसऱ्या दिवशी तक्रार करतील. सामान आठ-दहा किलोच्या वर जाऊ देऊ नका आणि जड वस्तू कॅरिअरच्या वर न बांधता दोन्ही बाजूंना खाली लटकवा.

उतारावर ब्रेक सतत दाबून ठेवायचा नाही. वळणाआधी दोन्ही ब्रेक जोरात, वेग कमी झाला की पूर्ण मोकळे. सतत दाबले तर रिम किंवा डिस्क तापते आणि ऐन तीव्र वळणावर पकड सुटते. पॅडची जाडी निघण्याआधीच पाहा, रबर दोन मिलिमीटरच्या खाली असेल तर बदला.

गौताळ्याच्या आत दुकान नाही, फोनची रेंजही मधूनमधून जाते. नकाशा आधीच उतरवून घ्या आणि कन्नडला ज्या लॉजवर उतरलात तिथे परतायची वेळ सांगून ठेवा. हिवाळ्यात दुपारपर्यंत माणशी तीन लिटर पाणी, फेब्रुवारीनंतर पाच, त्यातल्या एका बाटलीत ओआरएस. तलावाचं पाणी प्यायचं नाही. खायला ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि गूळ. पाव उन्हात कोरडा पडून घशाखाली उतरत नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये खुलताबाद-दौलताबादच्या रस्त्यावर सीताफळांच्या पाट्या लागतात. दोन फळं तिथेच खा, पिशवीत घेऊ नका, पहिल्या खड्ड्यातच त्यांचा रस होतो.

कुत्री ही शेवटची बाब. गावातलं कुत्रं वेगाच्या मागे लागतं. थांबून सायकल मध्ये धरली आणि दोन पावलं चाललं की त्याचा रस संपतो. धनगराच्या कळपाजवळचं कुत्रं वेगळं, ते राखण करत असतं आणि मागे हटत नाही. कळप दिसला की लांबूनच हाक मारा. ‘मामा, कुत्रं धरा हो’ एवढं ऐकून धनगर शीळ घालतो, आणि ती शीळ ऐकू आली की मगच पेडल मारा.